वरच्या मजल्याबद्दल

ती. आई-बाबा,
सा. न.

फोनवर विषय काढला की बाबा "जेवलीस का?" विचारतात आणि आई फोन ठेवते, म्हणून लिहितेय. पुण्यातल्या संशोधनाच्या जागेसाठी मी सही केली. म्हणजे सांगलीत दवाखाना इतक्यात नाही. वरचा मजला कुणासाठी चढवला, ते मला ठाऊक आहे. आधी विचारलं असतं तर "तुला योग्य वाटेल ते कर" म्हणाला असतात, आणि मग माझ्याच्याने सही झाली नसती.

काम पोटातल्या पूचं. अल्सरला भोक पडलं, अपेंडिक्स फुटलं की घाण पोटभर पसरते. 2014-15 मध्ये जगभरातल्या अशा साडेचार हजारांवर रुग्णांची पाहणी झाली, त्यात शंभरातले नऊ दगावले. आधी ऑपरेशन करून भोक बुजवायचं, पू काढायचा. अँटिबायोटिक त्याच्या जोडीला. पण ते किती दिवस? 2015 साली अमेरिका-कॅनडातल्या 518 रुग्णांचा अभ्यास छापून आला. पू नीट निघाल्यावर निम्म्यांना साधारण 4 दिवस औषध दिलं, बाकीच्यांना ताप आणि रक्तात वाढलेल्या पांढऱ्या पेशी उतरून दोन दिवस होईपर्यंत, म्हणजे 8 दिवसांच्या आसपास. पुन्हा पू होणं, जखम चिघळणं, मृत्यू, सगळं धरून दोन्हीकडे शंभरात बावीसच! जास्तीच्या औषधाने जंतू तेवढे निर्ढावतात. पण आपल्याकडे माणूस दोन दिवस ओवा-सोड्यावर काढून मग येतो, तेव्हा किडनी बसायला लागलेली असते. त्याला चार दिवस पुरतील का? हे मला इथल्या पेशंटवर बघायचंय. एकटीच्या दवाखान्यात ते होत नाही. रात्री अडीचला भूलतज्ज्ञ आणि आयसीयू कुठून आणू?

आणि बाबा, काकांचं तुम्हाला सांगायला नको. त्या रात्री कुणाला कळण्यासारखं नव्हतं, ते मनातून काढा आता.

माझी काळजी नको. खोली हवेशीर आहे, डबेवाल्या काकू भाकरी देतात, गीझरही चालतो. मात्र ड्यूटीवरून आले की आईच्या हातचा मऊ भात, मेतकूट आणि वर तुपाची धार आठवते. ताप आला की तू मांडीवर घेऊन भरवायचीस, अजून तसंच भरवून घ्यावंसं वाटतं गं.

आता ऐका. वरचा मजला भाड्याने द्या, रिकामा ठेवून झाडत बसू नका. आई, चार दिवसांचं वाचून स्वतःच्या गोळ्या मध्येच सोडायच्या नाहीत. ते ऑपरेशन झालेल्यांचं आहे. बाबा, गुडघ्यासाठी मेडिकलमधून परस्पर आणलेल्या गोळ्या बंद. त्यांनीच जठराला भोक पडतं, आणि तुम्ही त्या चहावर घेता! राग मानू नका, पण पुढच्या वेळी येईन तेव्हा औषधांचा डबा मी स्वतः बघणार आहे.

पोटात एकदम कळ आली, पोट फळीसारखं कडक झालं, तर सकाळची वाट बघायची नाही. पाणीसुद्धा न पिता रिक्षा करून थेट मिरजेला, कितीही वाजलेले असोत. मला फोन वाटेतून करा.

तुमची,
चिमी