रेडिओग्राफरच्या निवृत्तीच्या कागदांत प्रशिक्षणाच्या तासांचा हिशेब हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

माजी सैनिकांच्या पुनर्वसनाची चर्चा सुरक्षारक्षक, बँक आणि गॅस एजन्सी यांच्यापुढे क्वचितच सरकते. सैन्यदलांच्या वैद्यकीय सेवेतून निवृत्त होणारा रेडिओग्राफर, म्हणजे एक्स-रे काढणारा तंत्रज्ञ, या चर्चेत कुठेच नसतो. बारावी विज्ञान होऊन नर्सिंग असिस्टंट म्हणून भरती, मग ट्रेडचा म्हणजे नेमून दिलेल्या तांत्रिक कामाचा कोर्स, पुढे त्या ट्रेडची क्लास वन ही वरची श्रेणी, पंधरा-वीस वर्षे मिलिटरी हॉस्पिटलांतून नोकरी आणि चाळिशीच्या आगेमागे पेन्शन, असा त्याचा साधारण प्रवास. काम येते, वय हातात आहे. अडते ते प्रमाणपत्रावर, आणि ही अडचण निवृत्तीनंतर नव्हे, निवृत्तीआधीच सुटू शकते. म्हणून हे पत्र.

ईसीएचएस या माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या पॉलिक्लिनिकमधल्या कंत्राटी भरतीत रेडिओग्राफरसाठी 'डिप्लोमा किंवा सैन्यदलांचा क्लास वन रेडिओग्राफर कोर्स' अशी पात्रता मागितली जाते. तिथे प्रश्न येत नाही. रेल्वेच्या पॅरामेडिकल भरतीत मात्र बारावीला भौतिक व रसायनशास्त्र आणि मान्यताप्राप्त संस्थेचा दोन वर्षांचा डिप्लोमा लागतो. माणूस तोच, कागद तोच, पण एका खिडकीवर चालतो आणि दुसरीवर परत येतो. ज्यांचा कोर्स विद्यापीठाशी संलग्न होता त्यांना ही झळ लागत नाही. ज्यांच्याकडे फक्त प्रशिक्षण केंद्राचे प्रमाणपत्र आहे, त्यांची अडचण होते.

त्यात 2021 चा राष्ट्रीय सहयोगी व आरोग्यसेवा व्यवसाय आयोगाचा कायदा आला. त्यानुसार सहयोगी आरोग्य व्यावसायिकाचा (यात असे तंत्रज्ञ येतात) डिप्लोमा किंवा पदवी किमान 2000 तासांची आणि दोन ते चार वर्षांत विभागलेली हवी. लष्करी प्रमाणपत्रावर कोर्सचे नाव, तारखा आणि श्रेणी असली, तरी तेवढ्यावरून तास ठरत नाहीत. छाननी करणाऱ्या कारकुनाला मधले काही गृहीत धरता येत नाही, आणि त्याने ते धरूही नये. म्हणून सेवेचे शेवटचे दीड-दोन वर्ष उरले असतानाच प्रशिक्षण केंद्राकडून विषयवार तास, प्रात्यक्षिकांचे तास, परीक्षेचे गुण आणि संलग्नता असल्यास तिचा क्रमांक असे पत्र मागून घ्यावे. शेवटच्या युनिटकडून अनुभवाचा दाखला घेताना 'रेडिओग्राफर म्हणून समाधानकारक काम केले' हे वाक्य बिनकामाचे आहे. साधा एक्स-रे, पोर्टेबल, ऑपरेशन थिएटरमधला सी-आर्म (शस्त्रक्रिया चालू असताना चित्र दाखवणारे एक्स-रे यंत्र), बेरियम तपासण्या, सीटी, एमआरआय यांपैकी कशावर किती महिने काम केले, ते वेगवेगळे लिहून हवे. एकदा घरी आल्यावर हेच कागद मिळवायला रेकॉर्ड ऑफिसशी पत्रव्यवहार करावा लागतो. आखातात जायचे असेल तर आणखी एक पेच आहे. तिथली पडताळणी करणारी डेटाफ्लो ही कंपनी प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेलाच थेट विचारते. लष्करी केंद्रातून उत्तर कोण देणार, त्या कार्यालयाचे पदनाम आणि अधिकृत ई-मेल आधी ठाऊक नसेल तर अर्ज तिथेच लटकतो.

एक गैरसमज फार महागात पडतो. पंधरा वर्षे सेवा झालेला दहावी पास माजी सैनिक केंद्राच्या गट 'क'मधील राखीव जागांसाठी पदवीधरासमान धरला जातो, हे खरे. पण ही सवलत जिथे तांत्रिक वा व्यावसायिक अनुभवाची अट नाही अशा पदांपुरती आहे. रेडिओग्राफरचे पद तांत्रिक. त्या आधारावर डिप्लोमाची उणीव भरून निघत नाही. राज्यात गट 'क' आणि 'ड'मध्ये माजी सैनिकांना 15 टक्के समांतर, म्हणजे प्रत्येक सामाजिक प्रवर्गाच्या आतले, आरक्षण आहे, पण पात्र उमेदवार मिळाला नाही की ती जागा त्याच प्रवर्गातल्या दुसऱ्याला जाते, पुढच्या वर्षासाठी शिल्लक राहत नाही. म्हणजे दुसरा पात्र माजी सैनिक नसेल, तर अपात्र ठरलेला रेडिओग्राफर आपल्याबरोबर एक राखीव जागाही घालवतो.

दुसरा विसरला जाणारा कागद डोसचा, म्हणजे कामात स्वतःच्या अंगावर पडलेल्या किरणांच्या मात्रेचा. ती मोजणाऱ्या टीएलडी बॅजची तिमाही नोंद आणि आपला वैयक्तिक क्रमांक निवृत्तीच्या वेळी लेखी घ्यावा आणि नव्या मालकाला द्यावा. अणुऊर्जा नियामक मंडळाची मर्यादा सलग पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला 20 मिलिसिव्हर्ट (या मात्रेचे एकक) आणि कोणत्याही एका वर्षात 30 अशी आहे. पाच वर्षांची ही खिडकी सरकती असल्याने नवी नोकरी कोऱ्या पाटीवर सुरू होत नाही. कॅथ लॅब (हृदयाच्या अँजिओग्राफीची खोली) किंवा सी-आर्मवर राहणाऱ्याला हे विशेष लागू. बॅज छातीवर, शिशाच्या एप्रनच्या आत घालायचा असतो. छोट्या सेंटरमध्ये तो खिळ्याला टांगलेला दिसला, तर बाकीची शिस्त काय असेल ते ओळखावे.

आता प्रत्यक्ष कामाविषयी. लष्करी रेडिओग्राफरचा हात पक्का असतो, पण त्याचा बराचसा रुग्णवर्ग तरुण, धडधाकट आणि सांगितले तसे उभा राहणारा. भरतीच्या तपासणीत 180 सेंटिमीटरवरून छातीचे एकामागून एक पीए (किरण पाठीकडून छातीकडे जाणारे एक्स-रे) काढलेला माणूस नागरी आयसीयूत जातो, तेव्हा समोर बसताही न येणारे आजोबा असतात. तिथे एपी, म्हणजे किरण समोरून, सुमारे 100 सेंटिमीटर अंतर, हृदय मोठे दिसणारच. फिल्मवर 'एपी, आडवा रुग्ण' असे लिहिले नाही तर रात्री दुसऱ्या शहरात बसून रिपोर्ट देणारा डॉक्टर हृदय वाढल्याचे लिहून मोकळा होतो. लहान मुले, ठिसूळ हाडांच्या वृद्धा, मॅमोग्राफी यांचा सराव मुद्दाम करून घ्यावा लागतो.

सर्वांत फसवी गोष्ट फिल्मच्या जागी आलेल्या डिजिटल पॅनेलची. फिल्मवर एक्स्पोजर, म्हणजे किरणांची मात्रा, जास्त झाले की फिल्म काळी पडे आणि चूक सर्वांना दिसे. पॅनेलवर सॉफ्टवेअर चित्र सावरून घेते, उलट जास्त किरणांत ते अधिक गुळगुळीत दिसते. कमी पडले तर दाणेदार चित्राची तक्रार येते, जास्त झाल्याची तक्रार कोणीच करत नाही, म्हणून मात्रा हळूहळू वर चढते. त्यावर उपाय एकच, दर चित्राखाली येणारा डेव्हिएशन इंडेक्स, म्हणजे योग्य मात्रेपासून किती ढळलो तो आकडा, बघणे. शून्य म्हणजे बरोबर, अधिक 1 म्हणजे सुमारे चतुर्थांश जास्त, अधिक 3 म्हणजे दुप्पट, उणे 3 म्हणजे निम्मे. कोलिमेशनचे, म्हणजे किरण हव्या तेवढ्याच भागावर पाडण्याचे, तेही तसेच. नंतर स्क्रीनवर कडा कापल्या म्हणजे रुग्णाला लागलेले किरण परत येत नाहीत.

सीटीवर जायचे असेल तर आयोडिनयुक्त कॉन्ट्रास्टच्या (चित्र स्पष्ट यावे म्हणून शिरेतून देण्याच्या औषधाच्या) आधी क्रिएटिनिन व ईजीएफआर या मूत्रपिंडाच्या चाचण्या, मधुमेहाच्या गोळ्या आणि जुनी ॲलर्जी विचारणे अंगवळणी पडावे. अँजिओग्राफीत सेकंदाला 4 ते 5 मिलिलिटर वेग असतो. त्यासाठी कोपराच्या शिरेत 18, निदान 20 गेजचा कॅन्युला (शिरेत बसवायची नळी; गेजचा आकडा वाढतो तशी ती बारीक) हवा. मनगटामागच्या 22 गेजमधून तोच वेग दिला की औषध शिरेबाहेर जाऊन हात सुजू शकतो. एमआरआयच्या, म्हणजे जबर चुंबकाच्या, दारात मात्र लष्करी माणूस सरस ठरतो. अंगात छर्रा किंवा गोळीचा तुकडा आहे का, हा प्रश्न त्याला शिकवावा लागत नाही.

खासगी नोकरीत दोन सापळे आहेत. पहिला सोनोग्राफीचा. डॉक्टर बाहेर गेलेत, जरा प्रोब फिरवून ठेव, असे सांगितले तर स्पष्ट नकार द्यावा. 1994 च्या पीसीपीएनडीटी (गर्भलिंगनिदान प्रतिबंधक) कायद्याखाली ते काम पात्र डॉक्टरचे आहे. परदेशात सोनोग्राफर हा वेगळा पेशा असला तरी आपल्याकडे तो बचाव चालत नाही. दुसरा सापळा नाव भाड्याने देण्याचा. एक्स-रे केंद्राच्या परवान्यासाठी प्रशिक्षित तंत्रज्ञ आणि किरणोत्सर्ग सुरक्षा अधिकारी दाखवावे लागतात, म्हणून प्रमाणपत्र ठेवून घेऊन महिन्याला चार पैसे देण्याची तयारी दाखवणारे भेटतात. नियामक मंडळाच्या ई-लोरा प्रणालीत तुमचे नाव त्या संस्थेशी जोडले गेले, की तिथल्या त्रुटींना उत्तरही तुमच्याच नावावर. नोकरी सोडताना तिथूनही कार्यमुक्तीची नोंद करून घ्यावी.

नावावरून होणारी एक गल्लत अशी की कारखान्यातली रेडिओग्राफी म्हणजे हेच काम. वेल्डिंगची तपासणी इरिडियम-192 ने करायला स्वतंत्र प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र लागते, वैद्यकीय कोर्स त्यात चालत नाही. यंत्रे विकणाऱ्या कंपन्यांत रुग्णालयाच्या कर्मचाऱ्यांना यंत्र शिकवणारे ॲप्लिकेशन स्पेशालिस्ट असतात. सीटी किंवा एमआरआयचा अनुभव असलेल्याने ती वाट जरूर पाहावी.

अमेरिकेत टेक्सासमधल्या फोर्ट सॅम ह्यूस्टनच्या संयुक्त केंद्रात शिकलेला सैनिक-तंत्रज्ञ एआरआरटी या नागरी नोंदणीच्या परीक्षेला बसू शकतो, म्हणजे गणवेशात असतानाच बाहेर चालणारे प्रमाणपत्र त्याच्या हाती येऊ शकते. आपल्याकडे पुण्याचे सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालय नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न आहेच. ट्रेडच्या प्रत्येक कोर्सचे तास विद्यापीठाने मोजावेत, कमी पडणाऱ्या तासांचा पूरक अभ्यासक्रम ठरवावा आणि पुनर्वसन महासंचालनालयाने सेवेच्या शेवटच्या वर्षात तो नागरी रुग्णालयात पूर्ण करू द्यावा. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयांनी सैनिक निवृत्त होऊन ओळखपत्र घ्यायला येईल तेव्हा नव्हे, त्याच्या आधीच्या सुट्टीत कागदांची यादी त्याच्या हातात ठेवावी.

आपले,
सैनिकी व नागरी क्ष-किरण विभागांशी संबंधित काही तंत्रज्ञ,
पुणे व सातारा