हेडसेट काढायची मुभा सैनिकाला आहे का?

महोदय,

मेटा आणि संरक्षण-तंत्रज्ञान कंपनी अँड्युरिल मिळून अमेरिकी सैन्यासाठी डोळ्यांसमोर संगणकी चित्र दाखवणारे हेडसेट बनवणार, हे मे २०२५ मध्ये जाहीर झाल्यापासून ‘खेळण्याचे शस्त्र झाले’ अशी ओरड आहे. पण हे तंत्र सुरुवातीला बऱ्याच अंशी लष्कराच्या पैशावर वाढले. संगणकशास्त्रज्ञ आयव्हन सदरलँड यांच्या १९६८च्या हेडसेटमागेही अमेरिकी संरक्षण खात्याचे अनुदान होते. तेव्हा पैसा कोणाचा, यापेक्षा हेडसेट ज्याच्या डोक्यावर चढतो त्याला ‘नको’ म्हणता येते का, हे विचारावे.

याआधी, होलोलेन्स या मायक्रोसॉफ्टच्याच हेडसेटवर आधारित ‘आयव्हॅस’ या अमेरिकी सैनिकांसाठीच्या हेडसेटकरिता मायक्रोसॉफ्टला २०१८ मध्ये सुमारे ४८ कोटी डॉलरचे कंत्राट मिळाले. (काटेकोरपणे हे आभासी वास्तव नव्हे, मिश्र वास्तव: समोरचे दृश्य दिसत राहते, त्यावर नकाशा उमटतो.) फेब्रुवारी २०१९ मध्ये तिथल्या कर्मचाऱ्यांनी खुल्या पत्रातून विरोध केला, कंपनीचे प्रमुख सत्या नाडेला यांनी तो मानला नाही. त्या पत्राचा जगभर गाजावाजा झाला. सैनिकांची डोकेदुखी मात्र चाचणी-अहवालातच राहिली.

मार्च २०२१ मध्ये १ लाख २० हजार नगांसाठी २,१८८ कोटी डॉलरपर्यंतचे कंत्राट झाले आणि मोठी मैदानी चाचणी झाली २०२२ मध्ये! तीत बहुतेकांना मळमळ, चक्कर, डोळ्यांवर ताण, मानदुखी यांपैकी काही ना काही झाले. जुन्या साधनांपेक्षा नेमही कमी लागले. असा त्रास का होतो, हे या क्षेत्रात नवे नाही. मान वळली की चित्र २० मिलिसेकंदांच्या आत सरकावे लागते. उशीर झाला की डोळा आणि तोल सांभाळणारा अंतर्कर्ण यांचे जुळत नाही. होलोलेन्समधली प्रतिमा साधारण २ मीटरवर स्थिर असते. वस्तू हातभर अंतरावर दाखवली, तर बुबुळे आत वळतात, पण डोळ्यातल्या भिंगाला २ मीटरवरच पाहावे लागते, म्हणून डोळे ताणतात. घरी मळमळले की आपण हेडसेट उतरवतो. रात्रीच्या गस्तीवरचा सैनिक तो कसा उतरवणार? अंधारात दिसण्याची सोयही त्यातच कोंबलेली. शिवाय होलोलेन्स २ सारखी यंत्रे नजर कुठे, किती वेळ खिळली हे टिपतात; ती नोंद वरिष्ठांच्या हाती जावी का?

आपल्याकडे असे काही घेताना चाचणी आधी, ऑर्डर नंतर. सलग ३ तास, रात्रीही. तपासणी करणारे डॉक्टर पुरवठादाराचे नसावेत, किती जणांना त्रास झाला तो आकडा जाहीर व्हावा आणि चाचणीला नकार देणाऱ्याच्या गोपनीय अहवालात शेरा येऊ नये.

— एक वाचक, पुणे