बाबा, कार्ड बसलं. आता आजीच्या कॅसेट

हॅम्बुर्ग, १८ मे

तीर्थरूप बाबा आणि आई,
साष्टांग नमस्कार.

आजीच्या कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवायला आणलेलं साउंड कार्ड काल वाजलं आणि त्याच मिनिटाला तुमच्याकडची लाइन गेली. निम्मं बोलणं राहून गेलं. शिवाय फोनवर मी घाईने सांगते, तुम्ही ‘हो, हो’ म्हणता आणि दुसऱ्या दिवशी दोघांनाही काही आठवत नाही. म्हणून हे पत्र. अथर्वकडून छापून घ्या आणि टेबलाच्या काचेखाली ठेवा.

काल नेमकं काय अडलं होतं ते आधी लिहिते, कारण सीपीयूचा डबा पुन्हा कधी उघडला तर तेच होऊ शकतं. तुम्हाला वाटलं की बर्डीवरून आणलेलं कार्डच खराब निघालं. कार्ड चांगलंच होतं, ते पूर्ण बसलं नव्हतं. छोट्या स्लॉटमध्ये तुम्ही दाबलंत तेव्हा ते बसलं होतं. मग मागच्या पत्र्याच्या पट्टीचा स्क्रू आवळला, तेव्हा पट्टी ओढली गेली आणि कार्डाचं आतल्या बाजूचं टोक केसभर वर आलं. एवढ्याने कॉम्प्युटरच्या लेखी कार्ड नसल्यासारखंच. त्यामुळे आधी कार्ड बोटांनी सारखं दाबायचं, पट्टी डब्याच्या कडेला नीट टेकली का बघायचं, स्क्रू अर्धा लावायचा, पुन्हा कार्ड दाबून बघायचं आणि मगच स्क्रू पूर्ण आवळायचा.

आणि डब्यात हात घालण्याआधी मागची वायर काढलेलीच हवी. नुसतं शटडाउन केलं तरी मदरबोर्डवर थोडा करंट राहतो. वायर काढल्यावर पॉवरचं बटण पाच सेकंद दाबून ठेवायचं, डब्याच्या उघड्या पत्र्याला हात लावायचा आणि मगच कार्ड धरायचं, तेही कडेने. नागपूरच्या कोरड्या हवेत अंगावर स्थिर वीज साठते. आपल्याला तिची जाणीवही होत नाही, पण चिपला तेवढी पुरते.

ड्रायव्हरचं, म्हणजे कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचं, तर काल बघितलंच. खोक्यातली सीडी आपल्या कामाची नव्हती, कारण आपल्या डब्याला सीडी ड्राइव्हच नाही. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळ्या खुणेची ओळ दिसली, तिच्या प्रॉपर्टीजमधल्या हार्डवेअर आयडीत ‘१३एफ६’ असं होतं. हा आकडा चिप कोणी बनवली ते सांगतो, १३एफ६ म्हणजे सी-मीडिया. खोक्यावर कोणाचंही नाव असो, ड्रायव्हर चिपप्रमाणे शोधायचा. ही गोष्ट अथर्वने वहीत लिहून ठेवावी, जन्मभर कामाला येईल.

ड्रायव्हर बसला तरी आवाज नव्हता, आठवतं? आवाज जात होता, पण मॉनिटरकडे. एचडीएमआयच्या वायरीतून आवाजही जातो, आणि मॉनिटरला स्पीकरच नाही. खाली उजव्या कोपऱ्यातल्या स्पीकरच्या चित्रावर क्लिक करून नवं कार्ड निवडलं आणि आई आतून ओरडली, ‘वाजलं!’ पुढच्या बाजूच्या हेडफोनच्या भोकातून मात्र अजून काही येणार नाही. त्याची वायर अजून मदरबोर्डलाच आहे. ती काढून नव्या कार्डावरच्या तशाच खुंट्यांवर लावायची. नऊ खुंट्या आहेत आणि दहावी जागा रिकामी, त्यामुळे उलटी बसणार नाही. जोर लावू नका. ते सावकाश केलं तरी चालेल.

कॉलेजमध्ये माझ्या मैत्रिणीकडे असंच कार्ड बसवताना आम्ही अख्खा रविवार घालवला होता. तेव्हा कार्डावर बारीक जंपर, म्हणजे खुंट्यांवरच्या टोप्या, असायचे, कार्डाने कॉम्प्युटरशी कुठल्या नंबरावर बोलायचं (आयआरक्यू पाच की सात, पोर्ट २२० की २४०) हे स्वतः ठरवायचं, आणि चुकलं तर प्रिंटर तरी बंद पडायचा नाही तर आवाज तरी. आता तो ताप राहिलेला नाही.

आता ज्यासाठी हा सगळा खटाटोप, त्या कॅसेटकडे येते.

बाबा, रेकॉर्डिंगला बसण्याआधी एकच काम करा. चौदाही कॅसेटच्या मागच्या कडेला दोन छोट्या चौकोनी पाकळ्या असतात, त्या पेचकसाने तोडून टाका. त्या तुटल्या की रेकॉर्डचा खटका दाबलाच जात नाही. चुकून एक बोट पडलं तर आजी पुसली जाईल आणि मग जगातलं कुठलंही कार्ड तिला परत आणणार नाही. मला रात्री याचीच धास्ती वाटते.

टेप म्हणून आपला जुना टू-इन-वनच वापरा. शेजारच्या काकांनी त्यांचा चांगला डेक देऊ केलाय हे आईने सांगितलं, पण नको. आजीचा आवाज या टू-इन-वनवर भरलेला आहे. हेड, म्हणजे रिळाला टेकून आवाज भरणारा आणि वाचणारा भाग, ज्या कोनात बसलेलं होतं त्याच कोनात आवाज रिळावर उमटलाय. दुसऱ्या मशिनचं हेड किंचित तिरपं असलं तरी आवाज घोंगडीतून आल्यासारखा दबतो. हेड मात्र पुसून घ्या. केमिस्टकडे आयसोप्रोपिल अल्कोहोल मिळतं, कापसाच्या काडीला थोडं लावायचं, हेड आणि त्याच्या बाजूची लोखंडी दांडी पुसायची, पाच मिनिटं वाळू द्यायचं. प्रत्येक कॅसेट एकदा शेवटपर्यंत पुढे आणि परत मागे फिरवा. इतक्या वर्षांत रिळाचे वेढे एकमेकांना चिकटले असतील.

टू-इन-वनच्या हेडफोनच्या भोकातून वायर काढून कार्डाच्या निळ्या भोकात लावायची. गुलाबी नाही! गुलाबी माइकचं आहे, ते बारीक आवाज पुष्कळ वाढवून घेतं, त्यात टेप लावली तर नुसता फाटका आवाज येईल. वायर लावली की टेपचा स्पीकर बंद होतो, घाबरू नका. टेपचा आवाज एक तृतीयांशावर ठेवा.

ऑडॅसिटी हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर अथर्वने टाकलंच आहे. त्यात ४४,१०० हर्ट्‌झ, १६ बिट ठेवा. एक तासाला स्टिरिओत सुमारे ६३५ एमबी लागतील. सगळ्या कॅसेट साठ मिनिटांच्या धरल्या तर चौदांचे मिळून नऊ जीबी, एका पेनड्राइव्हवर आरामात मावतील. मीटर सर्वांत उंच जाईल तेव्हा उणे सहा डेसिबलच्या आसपास असावा. शून्याच्या वर गेलेला आवाज कापला जातो आणि तो कापलेलाच राहतो. मीटर हललाच नाही तर सेटिंगमधल्या प्रायव्हसीत मायक्रोफोनची परवानगी बंद असेल. आपण माइक लावलेला नसला तरी तीच परवानगी निळ्या भोकालाही लागते.

आणि ती घूंऽऽ. काल लाइन जाण्याआधी मलाही ऐकू आली. तुम्ही म्हणालात कूलरचा आवाज. पण कूलरची घरघर हवेतून येते, ती वायरीत कशी शिरेल? ही विजेची घूं आहे, पन्नास हर्ट्‌झची. वीज मंडळात बत्तीस वर्षं काढलेल्या माणसाला मी काय सांगणार! तरी एक सोपी परीक्षा करा. टू-इन-वनचा प्लग काढून त्यात मोठे सेल घाला. घूं गेली, तर टेप आणि कॉम्प्युटर दोन वेगळ्या पॉइंटवर असल्याने अर्थिंगच्या वाटेने करंट फिरत असावा. मग खुशाल सेलवरच रेकॉर्ड करा, किंवा दोन्हीचे प्लग एकाच बोर्डावर घ्या आणि कूलर दुसऱ्या पॉइंटवर. अर्थिंगची पिन काढून घूं घालवता येते असं कोणी सांगितलं तर ऐकू नका, तुम्ही आम्हाला लहानपणी त्यावरूनच रागवायचे.

शिवाय अंगणातल्या अर्थिंगच्या खड्ड्यात शेवटचं पाणी कधी घातलंत? तुम्ही दर एप्रिलमध्ये मला बादली घेऊन पाठवायचे. ‘काळी माती तडकली की अर्थिंग मेलं’ असं म्हणायचे आणि कोळसा-मिठाच्या खड्ड्यात पाणी पाझरेपर्यंत मला तिथेच उन्हात उभं ठेवायचे. आता गुडघ्यांमुळे तुम्ही अंगणात उतरत नाही, आणि अथर्वला तो खड्डा कुठे आहे तेच माहीत नसेल. त्याला दाखवा. घूंसाठी नाही तर घरासाठी म्हणून.

सुरुवात निळ्या शाईने ‘भुलाबाई’ लिहिलेल्या कॅसेटने करू नका, ती सर्वांत महत्त्वाची आहे. आधी काकांच्या लग्नाची घ्या, हात बसू द्या. भुलाबाईच्या कॅसेटमध्ये गाण्यांच्या मध्ये आजी मला दटावते ना, ‘हळू दाब बाप्पा, खटका मोडन तो’, ते मला हवंय. मागे आईच्या कुकरची शिट्टीही आहे. ऑडॅसिटीत आवाज स्वच्छ करायची सोय आहे आणि अथर्वचा हात शिवशिवेल, पण मूळ फाइलला हात लावू देऊ नका. टेपची सुरसुर राहू दे. ती काढायला गेलं की आजीच्या आवाजातला श, स पण जातो, मी करून बघितलंय.

आई, तुझ्यासाठी काम आहे. प्रत्येक कॅसेट वाजेल तेव्हा शेजारी बस आणि मागे कोणकोण बोलतंय त्यांची नावं लिही. त्या बायकांचे आवाज ओळखणारी आता तूच उरलीस.

रविवारी तुमच्या रात्री साडेनवाला फोन करते, माझे इथे सहा वाजलेले असतील आणि बाहेर लख्ख ऊन. तोवर सेलची परीक्षा झालेली असू द्या. उन्हाचे बाहेर पडू नका, कांदा जवळ ठेवा, पन्हं घ्या.

तुमची,
मनू