जाहीरनाम्यातला अकरावा मुद्दा

प्रिय संजू,

तुझा जाहीरनाम्याचा मसुदा मिळाला. पाणंद रस्ते, नळाचं पाणी, स्मशानभूमीची शेड, सगळं रीतसर आहे. शिक्षण मात्र अकराव्या नंबरवर, तेही एका ओळीत: ‘शिक्षणाचा दर्जा उंचावण्यासाठी कटिबद्ध.’ हीच ओळ समोरच्याच्या पत्रकातही असणार, लाव पैज. तू आमदारकीला उभा असतास तर एवढा कागद काळा केला नसता. पण तू जिल्हा परिषदेला उभा आहेस, आणि गावची शाळा जिल्हा परिषदेचीच असते.

शाळेवर मतं पडत नाहीत, असं तू फोनवर म्हणालास. दिल्लीचा दाखला द्यावा तर तो दोन्ही बाजूंनी चालतो. 2020 ला आम आदमी पक्षाने सरकारी शाळा पुढे करून प्रचार केला आणि 70 पैकी 62 जागा घेतल्या. पण शिक्षणखातं सांभाळणारे मनीष सिसोदिया पटपडगंजमधून जेमतेम तीन हजारांनी निघाले, आणि 2025 ला जंगपुऱ्यात पडलेच. तरी तिथे निदान वर्गखोल्यांवरून हमरीतुमरी झाली. आपल्याकडे 2024 च्या विधानसभेला लाडक्या बहिणीचे पंधराशेचे एकवीसशे करायचे की तीन हजार, यापुढे गाडी सरकली नाही. त्या पैशाला मी नावं ठेवत नाही, बायकांच्या हातात पैसा आला हे चांगलंच झालं. पण आमच्या गल्लीत तो खात्यात येतो आणि त्यातला बराचसा इंग्रजी शाळेच्या व्हॅनवाल्याकडे जातो.

खरी गोम तिथेच आहे. गावात ज्यांच्या शब्दाला वजन आहे, सरपंच, सोसायटीचे चेअरमन, आणि हो, काही गुरुजीसुद्धा, त्यांची पोरं सकाळी पिवळ्या बसमधून तालुक्याला जातात. मराठी शाळेत उरतात ती मजुरांची, ऊसतोडवाल्यांची. त्यांचे आईबाप ग्रामसभेत तोंड उघडत नाहीत, आणि दिवाळीनंतर तर ते फडावरच असतात. विधान परिषदेत शिक्षकांचे 7 आमदार आहेत, पण त्यांना मत देतात माध्यमिक आणि त्यावरचे शिक्षक. पहिलीला अक्षर गिरवायला लावणाऱ्या बाईंना तिथेही मत नाही. मग शाळेचं गाऱ्हाणं प्रचारात आणणार कोण?

मंगलच्या शाळेत चार वर्ग आणि दोन शिक्षक, त्यात ती बीएलओ, म्हणजे मतदार यादी सांभाळणारी. मतदार यादीचं काम निघालं की दुसरी आणि चौथी एकाच फळ्यासमोर बसतात. मतदान केंद्रही तिथेच. विधानसभेच्या आदल्या दिवशी केंद्रावरचे लोक आले आणि भिंतीवरची मुळाक्षरं बघून हबकले. कमळाचा क, घड्याळाचा घ, धनुष्याचा ध! तिन्हींवर वर्तमानपत्राचे कागद चिकटवले. नंतर ते काढताना रंग निघाला, आणि पहिलीतली पोरं ‘बाई, आपला क कुठे गेला?’ म्हणून मागे लागली. हसून हसून पोट दुखलं आमचं. पण केंद्राला रॅम्प, पाणी, शौचालय आणि दिवे लागतात, म्हणून बिल थकून अंधारात असलेल्या त्याच शाळेत चार दिवसांत वीज आली होती. निकाल लागला, गुलाल धुतला गेला आणि कनेक्शन पुन्हा तुटलं.

म्हणून सांगतो, ‘शिक्षक भरती करू’ असं लिहू नकोस. ती शासनाच्या पवित्र पोर्टलवरून होते, तुझ्या हातात नाही. पटसंख्येचे नियमही मंत्रालयातच ठरतात. 15 मार्च 2024 च्या शासन निर्णयाने पट वीसच्या खाली गेला की सहावी ते आठवीचं शिक्षकाचं पदच मंजूर होणार नाही असं ठरवलं, तेव्हा संघटना रस्त्यावर आल्या. प्रचारात किती जणांनी तो विषय काढला, ते तूच आठव. तुझ्या हातात आहे तो सेस फंड, म्हणजे जिल्हा परिषदेचा स्वतःचा पैसा, शिक्षण समितीची बैठक, आणि वर्षानुवर्षं धूळ खात पडलेले धोकादायक खोल्यांच्या निर्लेखनाचे, म्हणजे त्या मोडीत काढायचे, प्रस्ताव. जिल्हा नियोजनातून नव्या खोल्या ओढून आणणं हेही भांडून जमतं. गटातल्या प्रत्येक शाळेचा तक्ता छाप: मंजूर पदं किती, भरलेली किती, खोल्या किती, गळक्या किती, लाइट चालू की बंद. कटिबद्ध वगैरे काही नको. तक्ता पाहून लोक तुलाच धारेवर धरतील, धरू देत.

आणखी एक कर. दारोदार फिरताना पत्रक बापाच्या हातात देऊ नकोस, घरात पाचवीतलं पोरगं असेल तर त्याला मोठ्याने वाचायला सांग. मुलांना किती लिहिता-वाचता येतं हे बघणाऱ्या ‘असर’च्या 2024 च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या निम्म्याहून जास्त मुलांना दुसरीचा मजकूर नीट वाचता आला नव्हता. पोरगं अडखळलं की आई पदर सावरून पुढे येते, आणि मग तुला भाषण करावं लागत नाही. तू फक्त ऐकून घे.

आणि तुझ्या प्रचाराच्या रिक्षावाल्याला बजाव, शाळेजवळ भोंगा बंद ठेवायचा. परवा एका गाडीने तिसरीची चाचणी बुडवली. मंगल बाहेर जाऊन त्याला जे बोलली ते पत्रात लिहिण्यासारखं नाही. तू तिच्या तावडीत सापडलास तर मी मधे पडणार नाही.

मसुदा दुरुस्त करून पाठव, छापायच्या आधी.

तुझा,
दिनू