बाबा, ती ‘निंदा’ आठवते का?

लीड्स, जानेवारीतला दुसरा रविवार

तीर्थरूप बाबा आणि प्रिय आई,
सा. न. वि. वि. (हे लिहायलाच लागतं, नाहीतर बाबा पहिल्याच ओळीवर लाल पेन काढतील)

पत्र पुण्याच्या पत्त्यावर टाकतेय, दादा म्हणाला ग्वाल्हेरची थंडी उतरेपर्यंत तुम्हाला सोडणार नाही म्हणून. बरं केलं त्याने. बाबांचा दमा आणि जनकगंजमधलं ते दहा वाजेपर्यंत न हलणारं धुकं, दोघांचं कधी जमलंच नाही. इथे काय, चार वाजता अंधार, मी ऑफिसातून निघते तेव्हा रात्रच असते.

हे सगळं व्हिडिओ कॉलवर पण बोलता आलं असतं, पण आपलं कसं होतं माहितीये ना, बाबा आवाज चढवतात मग मी चढवते मग आई फोन उचलून किचनमध्ये नेते आणि मला पोळ्यांचा डबा दाखवत बसते. म्हणून लिहितेय. दिवाळीतलं भांडण अर्धवट राहिलंय आपलं. बेडई-जिलेबी कागदात गार होऊन गेली, आई ओरडत होती आधी खाऊन घ्या आणि मग लढा, पण टीव्हीवर ते आठ जण एकदम बोलत होते की मित्रदेशाने युद्ध केलं तर आपल्या पंतप्रधानांनी जाहीर बोलावं की गप्प बसावं, आणि तुम्ही चष्मा कपाळावर सरकवून एकच वाक्य बोललात. मित्राला चारचौघात बोलू नये, कानात सांगावं.

मी तेव्हा एकदम अंगावर आले तुमच्या, ते चुकलं. कारण तुमच्याकडे मुद्दे होते आणि मी ऐकूनच घेतले नाहीत. विमानात बसल्यावर आठवत गेले.

पहिला मुद्दा म्हणजे गहू. तुम्ही अकरा वर्षांचे, हातात शिवलेला थैला आणि कंट्रोलच्या दुकानासमोरची लाइन. १९६६. पीएल ४८० चा, म्हणजे मदत म्हणून सवलतीत येणारा अमेरिकन गहू, जहाजातून उतरला की थेट लोकांच्या ताटात अशी देशाची हालत, आणि त्याच वर्षी जुलैत इंदिराबाई मॉस्कोला जाऊन व्हिएतनामवरच्या बॉम्बफेकीवर बोलल्या. अमेरिकेचा अध्यक्ष जॉन्सन आधीच हात राखून गहू सोडत होता, त्याने आणखीच आखडता घेतला. तुम्ही म्हणालात, “बोलल्या त्या, लाइनीत उभा मी होतो.” बाबा, याला माझ्याकडे आजही उत्तर नाहीये. पुढारी बोलतो आणि बिल भलत्याच्याच नावावर फाटतं हे खरंच आहे.

दुसरा मुद्दा १९७१ चा. डिसेंबरमध्ये सिक्युरिटी कौन्सिलमध्ये रशियाने आपल्यासाठी व्हेटो वापरला, एकदा नाही तीनदा, आणि असा मित्र पुढे कुठे चुकला तर लगेच माइक घेऊन उभं राहायचं का? हे पण पटतं. रशियाची दोस्ती सांभाळायची म्हणूनच त्याआधी, १९६८ मध्ये, चेकोस्लोव्हाकियात त्यांचे रणगाडे घुसले तेव्हा आपण चिंता व्यक्त केली आणि यूएनमध्ये मतदानाला तटस्थ राहिलो. (त्यावरून अशोक मेहतांनी मंत्रिपद सोडलं होतं, हे तुमच्याच तोंडून लहानपणी ऐकलंय, तेव्हा तुम्ही ते कौतुकाने सांगायचात हं!) २०२२ मध्ये युक्रेनचं पण तेच, तटस्थ. मग सप्टेंबरात समरकंदला मोदी पुतिनना समोरासमोर म्हणाले की हा युद्धाचा काळ नाही. तुम्ही म्हणालात, बघ, बोलले ना, पण सभ्यपणे. मान्य. पण बाबा तिथे कॅमेरे होते. कानात नव्हतं सांगितलेलं ते, म्हणूनच जगभर छापून आलं.

आता माझं ऐका.

इथे माझ्या शेजारच्या टेबलावर एक बाई बसतात, साठीच्या, रिटायरमेंटला थोडेच महिने राहिलेत. फेब्रुवारी २००३ मध्ये लंडनला इराक युद्धाविरुद्ध जो प्रचंड मोर्चा निघाला, लाखो लोक होते, त्यात या पण होत्या. पहाटे कोचने गेल्या, थर्मासमध्ये चहा, पायाला फोड. आणि त्याच वर्षी त्यांचा भाचा इराकमध्ये बसराला ड्युटीवर. मी विचारलं मग मोर्चाचा काय उपयोग झाला, तर म्हणाल्या काही नाही, पण घरात तोंड दाखवायला जागा राहिली. परत आला तो भाचा, पण ब्रिटनचे १७९ जण नाही आले. इराकी किती गेले ते तर मोजायचं कुणी म्हणून प्रश्न.

तर ब्रिटनचा तेव्हाचा पंतप्रधान टोनी ब्लेअर, त्याने काय केलं होतं? तुमचंच तत्त्व. जाहीरपणे बुशच्या खांद्याला खांदा आणि सल्ला काय तो कानात. पुढे चौकशी बसली, चिलकॉट रिपोर्ट, २०१६ च्या जुलैत आला, बारा खंड. त्यात ब्लेअरची एक खासगी नोट आहे २८ जुलै २००२ ची, बुशला लिहिलेली, आणि तिची सुरुवातच अशी की काहीही झालं तरी मी तुमच्याबरोबर आहे. पुढे खाली हे बघा ते बघा, यूएनकडे चला, असं बरंच आहे. पण पहिल्याच ओळीत काहीही झालं तरी म्हटल्यावर खालचं कोण वाचतो हो? आपल्याकडे लग्नाच्या बोलणीत मुलीकडचे आधीच म्हणाले, तुम्ही म्हणाल तसं, तर मग हॉल कुणाच्या पसंतीचा होतो? त्याच रिपोर्टमध्ये हे पण म्हटलंय की ब्रिटन-अमेरिकेचं नातं प्रामाणिक मतभेद सहन करण्याइतकं दणकट आहे, डोळे मिटून पाठिंबा द्यायची गरज नसते. चांगलं आहे, पण हे कळायला तेरा वर्षं लागली.

ब्लेअरच्याच मंत्रिमंडळातला रॉबिन कुक २००३ च्या १७ मार्चला राजीनामा देऊन मोकळा झाला, दुसऱ्या दिवशी ४१२ विरुद्ध १४९ ने युद्धाचा ठराव पास. आणि ज्यांनी तोंडावर नाही म्हटलं त्यांचं काय वाकडं झालं? फ्रान्सचा अध्यक्ष शिराक आडवा पडला तर अमेरिकेच्या संसदेच्या कँटीनने फ्रेंच फ्राइजचं नाव बदललं. बटाट्याचं नाव! कॅनडाचा पंतप्रधान क्रेत्येन, त्याने पार्लमेंटमध्येच सांगून टाकलं, आम्ही येत नाही. कॅनडा आहे तिथेच आहे. कॅनडाचाच आधीचा पंतप्रधान पिअर्सन, १९६५ मध्ये अमेरिकेत जाऊन भाषणात म्हणाला की व्हिएतनामवरची बॉम्बफेक जरा थांबवून बघा, तर दुसऱ्या दिवशी जॉन्सनने म्हणे त्याची कॉलर धरली आणि माझ्या गालिच्यावर येऊन मुतलास म्हणाला. तरी शेजार टिकला.

पण मग मला त्याच काळातला ब्रिटनचा पंतप्रधान हॅरल्ड विल्सन आठवला आणि माझी गाडी अडकली. तुम्ही असता तर हाच पत्ता टाकला असता म्हणून मीच टाकते. तो जॉन्सनला तोंडाने हो हो म्हणत राहिला, सैनिक मात्र व्हिएतनामला एकही पाठवला नाही. म्हणजे न बोलता पण टाळता येतं की! फक्त जून १९६६ मध्ये हनोई-हायफाँगच्या तेलाच्या साठ्यांवर बॉम्ब पडले तेव्हा त्याला पण पार्लमेंटमध्ये म्हणावंच लागलं की यात आम्ही नाही. तर असं आहे, विल्सन अर्धा तुमचा अर्धा माझा, वाटून घेऊ.

आणि आता आपले अटलजी. २००३ चा मार्च आठवतो ना? वर्ल्ड कपची फायनल २३ तारखेला आणि युद्ध २० ला सुरू झालेलं, तुम्ही रिमोट घेऊन इकडे पॉन्टिंग तिकडे बगदाद, इकडे पॉन्टिंग तिकडे बगदाद, आणि आजीने विचारलं होतं यातलं आपण कशात हरतोय. एप्रिल उजाडला तरी तुम्ही वैतागलेले, कारण अटलजी काही बोलत नव्हते. शिंदे की छावणीतला आपला माणूस, आपल्याच कॉलेजात शिकलेला, नया बाजारातल्या बहादुराच्या लाडवांचा शौकीन, आणि इतका मोठा वक्ता गप्प कसा? हे तुमचं वाक्य आहे बाबा, माझं नाही. तेव्हा तुम्हाला कानात सांगणं चालत नव्हतं!

मग ८ एप्रिलला लोकसभेत ठराव आला, स्पीकर आपले मनोहर जोशी. विरोधकांना कंडेम (म्हणजे धिक्कार) पाहिजे होतं, सरकारला डिप्लोअरच्या (म्हणजे नापसंतीच्या) पुढे जायचं नव्हतं, तर तोडगा काय निघाला, ठराव हिंदीत करा आणि ‘निंदा’ शब्द घाला. ज्याला जे ऐकायचं ते तो ऐकेल. तुम्ही टाळी दिली होती मला, म्हणालात ही आपल्या भाषांची करामत. मी वीस वर्षांची, मला तर ती पळवाटच वाटली, त्यात दुसऱ्याच दिवशी बगदाद पडलं, म्हणजे वरात गेल्यावर बँड वाजवल्यासारखं झालं.

पण आता मला ती निंदा वेगळी दिसते. अमेरिकेला ढिम्म फरक पडला नाही ना त्याने? नाहीच पडला. पण त्याच उन्हाळ्यात अमेरिका आपल्याकडे सैन्य मागायला आली, एक अख्खी डिव्हिजन, सतराएक हजार जवान, आणि दिल्लीत पाठवा म्हणणारे पण होते. १४ जुलैला सरकारने नाही म्हणून सांगितलं, यूएनचा आदेश असता तर बघितलं असतं म्हणाले. आता एकट्या ठरावामुळे थांबलं असं मी म्हणत नाही, निवडणुका होत्या, विरोधक होते, जवानांच्या आयांचा विचार होता. पण ज्या संसदेने एकमताने निंदा लिहून ठेवलीये तिला तीन महिन्यांत त्याच युद्धाच्या मागे पोरं पाठवणं किती जड गेलं असतं विचार करा. मला आधी वाटायचं बोलायचं ते समोरच्याने थांबावं म्हणून. आता वाटतं तो थांबो न थांबो, बोलणारा स्वतः बांधला जातो. ब्लेअर पण बांधला गेला, फक्त उलट्या बाजूने, त्या पहिल्या ओळीने.

आणि आता जे लिहितेय ते आईने वाचलं तरी चालेल, तिला माहितीच आहे. दिवाळीच्या त्या रात्री गच्चीवर तुम्ही मला भिंतीचं सांगितलंत ना.

मला त्यातलं अर्धंच माहीत होतं. तुमच्या त्या जिगरी मित्राने (नाव नाही लिहीत, वहिनी पण वाचेल) घर वाढवताना समोरच्या आजींच्या अंगणात हातभर आत भिंत घेतली, तुळशी वृंदावनाच्या पार कडेला, आणि आजींच्या वाळवणावरचं ऊन गेलं. कुरडया घेऊन त्या आमच्या गच्चीवर यायच्या, जिना चढताना गुडघा धरायच्या, मला वाटायचं आमच्या घरी गप्पा मारायला येतात. गणपतीच्या मीटिंगमध्ये विषय निघाला, सगळी गल्ली तुमच्याकडे बघत होती, आणि तुम्ही म्हणालात, नंतर बोलू. नंतर बोललात पण, एकट्याशी, चहा पाजून. ते हो हो म्हणाले. भिंत तिथेच.

पुढचं मात्र तुम्ही गच्चीवर पहिल्यांदा सांगितलंत, की दोन वर्षांनी नगरपालिकेच्या कागदावर त्यांना साक्षीदार पाहिजे होता, जुनी हद्द हीच होती म्हणून, आणि ते तुमच्याकडे आले, आणि तुम्ही सही केलीत. मी विचारलं का केलीत, तर म्हणालात, “मीटिंगमध्ये गप्प बसलो होतो ना बेबी, आता कुठल्या तोंडाने नाही म्हणणार होतो.”

बाबा हेच तर मी भांडून भांडून सांगत होते आणि मला इतकं नीट सांगता आलं नव्हतं. त्या रात्री मी काही बोलले नाही, शाल पांघरून बसले, कारण तुमचा आवाज बारीक झाला होता आणि तुमचा आवाज बारीक झाला की मला काही सुचत नाही. रागावू नका, मी तुमच्यावर ठपका ठेवत नाहीये. चाळीस वर्षांची दोस्ती होती, तुमच्या ऑपरेशनला रात्रभर तेच हॉस्पिटलात बसले होते, हे पण मला माहितीये. रशियाचे तीन व्हेटो तसेच झाले ते. अशा माणसाला भर मीटिंगमध्ये बोलणं सोपं नसणार. मी असते तर बोलले असते का? इथे ऑफिसात मॅनेजर त्या बाईंना नको ते बोलला तेव्हा मी प्रिंटरमधले कागद नीट करत उभी होते. तर घ्या.

गहूवाल्या लाइनीचं उत्तर मला सापडलं नाही ते नाहीच. ज्याच्या हातात आपली भाकरी आहे त्याच्याविरुद्ध बोलायचं का, हे मी लीड्समध्ये हीटर लावून बसून कसं सांगू. पण ज्यांच्या हातात दुसऱ्यांची भाकरी आहे त्यांनी तरी गप्प बसू नये. १९५६ मध्ये ब्रिटन-फ्रान्स सुएझवर उतरले तेव्हा अमेरिकेचा अध्यक्ष आयझेनहॉवर, त्याने आपल्याच दोस्तांना उघड विरोध केला, पाउंड गडगडत होता तरी पैशाची मदत अडवली, आणि युद्ध आटोपलं. त्याला परवडत होतं म्हणून त्याने केलं म्हणाल, बरोबर आहे, मग परवडत असून गप्प बसणाऱ्यांना आपण काय म्हणायचं?

बाकी इकडे सगळं ठीक. धाकटा मराठी वाचायला लागलाय, ‘ळ’ ला अडखळतो. आईला सांगा गजक मिळाली, थोडी चुरा झालीये पण चव मुरैनाचीच. दादाला म्हणावं आमच्या ग्वाल्हेरी मराठीला हसू नको, त्याची पोरं ‘मी करेल’ म्हणतात ते मी ऐकलंय.

मार्चमध्ये परत गेलात की तुमच्या त्या मित्राच्या घराचं काय होतंय ते कळवा. काका गेल्यापासून त्यांचा मुलगा विकायचं म्हणतोय ना, आणि आजींची सून अजून तिथेच राहते. त्या कागदाची झेरॉक्स तुमच्या लोखंडी कपाटात वरच्या खणात आहे, विजेच्या बिलांच्या फाइलमध्ये, मी बघितली होती. कपाट आवरताना ती फेकू नका.

तुमची,
बेबी