फ्रेमवर्क बदलण्याआधी टेम्प्लेट उघडा

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

वेब ॲप बांधण्याच्या अँग्युलर या फ्रेमवर्कबद्दल (तयार चौकटीबद्दल) ‘अँग्युलर मंद आहे, सगळं दुसऱ्या फ्रेमवर्कमध्ये नव्याने लिहा’ असा सल्ला हल्ली सर्रास दिला जातो. पण बहुतेक वेळा दुखणं असतं टेम्प्लेटमध्ये, म्हणजे स्क्रीनवर काय दिसावं ते लिहिलेल्या भागात.

क्लिक, टायमर, सर्व्हरचं उत्तर, काहीही घडलं की झोन.जेएस हे अशा घटनांवर नजर ठेवणारं साधन अँग्युलरला खबर देतं आणि वरपासून खालपर्यंत कंपोनंटची (पानाच्या सुट्या भागांची) बाइंडिंग्ज, म्हणजे डेटा आणि स्क्रीन यांतले दुवे, तपासली जातात. ही तपासणी तशी स्वस्त. महाग पडतं ते टेम्प्लेटमधून बोलावलेलं फंक्शन. ५०० ओळींच्या तक्त्यात प्रत्येक ओळीत तीन ठिकाणी रक्कम फॉरमॅट करणारं फंक्शन असेल, तर दर फेरीला १५०० कॉल. डेव्हलपमेंट मोडमध्ये पडताळणीची आणखी एक फेरी होते, म्हणजे ३०००. त्याच पानावर माउसमूव्हचा लिसनर (कर्सर हलला की चालणारा कोड) असला, की नुसता कर्सर हलवला तरी हा खटाटोप सुरू! फंक्शनच्या जागी प्युअर पाइप (टेम्प्लेटमध्ये मूल्याचं रूप बदलणारा तुकडा) लावा. इनपुट बदलल्याशिवाय तो पुन्हा चालत नाही. माउसमूव्ह आणि स्क्रोलचे लिसनर ‘रनआउटसाइडअँग्युलर’मध्ये न्या, म्हणजे त्यांच्यामुळे तपासणी सुरू होणार नाही.

मग ऑनपुश, म्हणजे कंपोनंट गरजेपुरताच तपासण्याची सेटिंग. इनपुटचा रेफरन्स (मेमरीतल्या वस्तूकडे बोट दाखवणारा दुवा) बदलला, कंपोनंटच्या टेम्प्लेटमध्ये इव्हेंट घडला, किंवा असिंक पाइपने (उशिरा येणारा डेटा टेम्प्लेटमध्ये दाखवणाऱ्या) वा सिग्नलने (स्वतः बदलल्याची खबर देणाऱ्या मूल्याने) बदल कळवला, तरच असा कंपोनंट तपासला जातो. पालक कंपोनंटने जुन्याच ॲरेत (यादीत) पुश केलं, म्हणजे नवी नोंद घातली, तर रेफरन्स तोच, म्हणून स्क्रीनही जैसे थे. इथे वैतागून लोक ऑनपुश काढून टाकतात किंवा जागोजाग ‘डिटेक्टचेंजेस’ (तपासणी हाताने सुरू करणारा कॉल) पेरतात. खरं तर स्प्रेडने (जुन्या नोंदी नव्या यादीत उतरवणाऱ्या ‘...’ खुणेने) नवा ॲरे दिला की काम होतं.

याद्यांमध्ये १७व्या आवृत्तीपासून नव्या ‘फॉर’ ब्लॉकला ‘ट्रॅक’ (कुठली ओळ कुठल्या नोंदीची ते ओळखण्याची खूण) सक्तीचं आहे, तर घाईत तिथे इंडेक्स (ओळीचा क्रमांक) लिहून मोकळे होतात. मधली ओळ पुसली की खालच्या ओळीत टाइप केलेला मजकूर भलत्याच नोंदीसमोर दिसतो. रेकॉर्डचा आयडी द्यावा.

कुठली फेरी रेंगाळते हे अँग्युलर डेव्हटूल्सच्या प्रोफायलरमध्ये दिसतं, पण ते डेव्हलपमेंट बिल्डवरच. खरा वेळ प्रॉडक्शन बिल्डवर (लोकांच्या हाती जाणाऱ्या रूपावर), क्रोमच्या परफॉर्मन्स टॅबमध्ये मोजावा. २१व्या आवृत्तीपासून नव्या प्रकल्पात झोन.जेएस मुळात नसतंच. तिथे सेटटाइमआउटमध्ये (टायमरमध्ये) साधं फील्ड बदलून स्क्रीन हलणार नाही, सिग्नल लागेल. आज ऑनपुशची शिस्त पाळलेला कोड तिथे फारशा डागडुजीविना चालतो.

आपला,
एक वेब डेव्हलपर, पुणे