रामबागेतल्या काकांना, चौकटीच्या कागदाबद्दल

ती. काकांस,
सा. न.

मागच्या महिन्यात रात्री साडेनऊला मी लॅपटॉप घेऊन तुमच्या दारात आले, तेव्हा तुमचं जेवण नुकतंच आटोपलं होतं. बटाट्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये तापमान नोंदवणारं आमचं यंत्र. यंत्रातल्या बोर्डावर (छोट्या संगणकावर) सगळं ठीक, पण तीच फाइल लॅपटॉपवर वाचली की नोंदी निम्म्याच, आणि वेळेच्या जागी 19 आकडी संख्या! तीन दिवस मी सेन्सरच तपासत होते.

तुम्ही कोड बघण्याआधी चौकटीचा कागद मागितलात. "एक चौकट म्हणजे एक बाइट. काढ." बोर्डावर टाइम_टी (सी भाषेत वेळ साठवायचा प्रकार, 1970 पासूनचे सेकंद) 4 बाइट, तापमानाचा फ्लोट (अपूर्णांकी संख्या) 4, म्हणजे नोंद 8 बाइटची. लॅपटॉपवर टाइम_टी 8, फ्लोट 4, आणि कंपायलरने (कोडचा प्रोग्राम बनवणाऱ्या साधनाने) मागे जोडलेले रिकामे 4, म्हणजे 16. दोन नोंदींची एक होत होती, आणि पहिलीचं तापमान वेळेच्या वरच्या अर्ध्यात शिरत होतं. रेघा मी स्वतः ओढल्या म्हणून ते दिसलं. तुम्ही नुसतं उत्तर सांगितलं असतंत, तर एक ओळ बदलून मी घरी गेले असते. टाइम_टी किती बाइटची हे सीचं मानक ठरवतच नाही, हे चार वर्षं कोड लिहून मला ठाऊक नव्हतं.

आता फाइलीत वेळ कायम 64 बिटांची, म्हणजे 8 बाइटची, एकेक बाइट ठरलेल्या क्रमाने लिहिते. छापण्याआधी ती लाँग लाँग या मोठ्या पूर्णांकाच्या प्रकारात बदलून (कास्ट करून) घेते, आणि दोन वेळांमधलं अंतर सीच्या डिफटाइम या फंक्शनने काढते.

मग तुम्ही 2038 सालाचा विषय काढलात. 32 बिटांची, म्हणजे 4 बाइटची, वेळ त्या वर्षी 19 जानेवारीला आपल्याकडे सकाळी 8 वाजून 44 मिनिटं 7 सेकंदांनी भरते. पुढच्या सेकंदाला आकडा उणे होऊन थेट डिसेंबर 1901. तोवर हे यंत्र कोण वापरणार, असं मी म्हणाले. तुम्ही म्हणालात, "चालतंय तोवर माणूस यंत्र टाकत नाही, बेटा." 32 बिटांच्या लिनक्सवर 64 बिटांची वेळ घ्यायची सोय जीलिबसीत (तिथल्या सीच्या मूळ लायब्ररीत) 2021 पासून आहे, तिच्यासोबत फाइल ऑफसेटही (फाइलीतली जागा सांगणारा आकडा) 64 बिटांचा करावा लागतो, आणि वेळ देणारी-घेणारी प्रत्येक लायब्ररी (तयार कोडचा संच) नव्याने बांधावी लागते. ती यादी करायला तुम्ही साडेअकरापर्यंत बसलात. काकूंनी दोनदा दिवा मालवायची आठवण केली, त्यांचेही आभार.

काल बोर्डाचं घड्याळ 20 जानेवारी 2038 ला लावलं. नोंद बरोबर आली, लॅपटॉपवरही. तो कागद यंत्राच्या झाकणाला आतून चिकटवला आहे; दुरुस्तीला जो उघडेल, त्याला आधी तो दिसेल.

तुमची,
शेजारची लेक